मागून धक्का बसलेल्या जुन्या मोटारीची दुरुस्ती

मोटार बिघडली म्हणजे ती कारखान्यांत न्यावी, मिस्त्रीच्या स्वाधीन करावी आणि तो सांगेल तितके पैसे मोजून परत आणावी, एवढेंच ज्ञान आपल्यापैकीं बहुतेकांस असतें. कारखान्याच्या आंत काय चालतें, कोणतें काम आधीं होतें व कोणतें मागून, खरी दुरुस्ती कोणती व नुसती सजावट कोणती, याचा विचार आपण क्वचितच करितों. गेल्या वर्षीं एका जुन्या मोटारीच्या निमित्तानें ही सर्व हकीकत जवळून पाहण्याचा योग मला व आमच्या नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांना आला. ती आपल्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटून येथें देत आहें.

प्रथम या मोटारीची ओळख करून दिली पाहिजे. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड शहरीं मॉरिस गॅरेजेस नांवाची एक पेढी होती. तिच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन 'एम. जी.' हें नांव निघालें, आणि सेसिल किंबर या गृहस्थांनीं त्या नांवाच्या गाड्या प्रसिद्धीस आणिल्या. त्यांचा कारखाना १९२९ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन या गांवीं होता. आज त्याच नांवाच्या मोटारी गुजरातेंत हलोल येथें तयार होतात. परंतु जुन्या गाड्यांशीं त्यांचा संबंध नांवापुरताच आहे. आपल्या गोष्टींतील गाडी 'टी. डी.' या जातीची. १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत या जातीच्या एकंदर २९,६६४ गाड्या झाल्या. त्यांपैकीं बहुतेक अमेरिकेंत गेल्या. थोड्या आपल्याकडेही आल्या. दोन माणसांची बैठक, दुमडतां येणारें कापडी छप्पर, लांबट बॉनेट आणि १२५० घनसेंटिमीटरचें चार नळकांड्यांचें इंजिन, असा तिचा थाट. त्या इंजिनाची शक्ति ५४ अश्वशक्ति. आज एवढी शक्ति लहानशा कौटुंबिक मोटारींतही असते. परंतु त्या काळीं हलक्या अंगाची ही गाडी चालविण्यांत तरुणांस मोठी धन्यता वाटे.

तिची रचना आपल्या कोंकणांतील जुन्या घरासारखी आहे. खालीं 'चासी' म्हणजे पोलादी सांगाडा. हें घराचें जोतें समजावें. त्यावर ॲश नांवाच्या झाडाच्या लांकडाची चौकट. हे खांब व वासे. आणि त्या चौकटीवर ठोकलेला पातळ पोलादी पत्रा, हा कूड. पेट्रोलची टाकी बैठकीच्या मागें, अगदीं शेवटास आडवी बसविलेली असते. तिच्या मागें स्टेपनी, म्हणजे जादा चाक, लोखंडी आधारावर टांगलेलें असतें. तेव्हां मागून कोणी धडकला तर बंपरच्या मागोमाग तडाखा सोसावयाचा तो या चाकानें व टाकीनें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

गाडीचे मालक मुंबईस राहणारे, परंतु त्यांचें मूळ घर रोहा तालुक्यांत आहे. त्यांच्या वडिलांनीं ही गाडी वापरलेली अशीच विकत घेतली होती, आणि वडिलांच्या पश्चात् मुलानें ती जिवापाड जपली. डिसेंबरांतील एका सकाळीं ते पेण सोडून, वडखळ मागें टाकून, नागोठण्याच्या दिशेनें जात होते. हा रस्ता पूर्वीं १७ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता. आतां त्याचा क्रमांक ६६ आहे. वाटेंत अकस्मात म्हशी आडव्या आल्या. त्यांनीं ब्रेक दाबला व गाडी उभी केली. मागून येणाऱ्या, माल भरलेल्या एका टेंपोस मात्र तितक्या अवधींत थांबतां आलें नाहीं, आणि तो एम. जी. वर आदळला. बंपर आंत वळला, स्टेपनी टाकींत रुतली, डावें मडगार्ड कागदासारखें चुरगळलें. ईश्वरकृपेनें पेट्रोलनें पेट घेतला नाहीं.

अशा प्रसंगीं पहिली काळजी माणसाची, नंतर गाडीची. मागून धक्का बसतो तेव्हां बैठकीबरोबर धड पुढें ढकललें जातें, परंतु डोकें क्षणभर मागेंच राहतें. त्यामुळें मानेस जबर हिसका बसतो. आजच्या मोटारींत बैठकीच्या वर डोक्यास टेका असतो तो याचसाठीं. अमेरिकेंत नव्या मोटारींस तो १९६९ पासून सक्तीचा झाला. जुन्या एम. जी. मध्यें असा टेका नाहीं. मानेचें दुखणें पुष्कळदां त्या वेळीं जाणवत नाहीं, दुसऱ्या दिवशीं वर येतें. म्हणून बरें वाटत असलें तरी डॉक्टरांस दाखविणें शहाणपणाचें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणें जखमी मनुष्यास वैद्यकीय मदत मिळवून देणें हें चालकाचें कर्तव्य आहे. पोलीस जागेवर नसतील तर चोवीस तासांच्या आंत ठाण्यावर वर्दी दिली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनें या कलमास जोडून आणखी एक कलम आलें. त्यानें, सद्बुद्धीनें मदतीस धांवणाऱ्या परक्या माणसास संरक्षण दिलें आहे. तेव्हां अपघात पाहून 'नसती भानगड नको' म्हणून पुढें निघून जाण्यास आतां कांहीं सबब उरली नाहीं.

आतां धक्का केवढा होता तें पाहूं. माल भरलेल्या टेंपोचें वजन ३,००० किलो व त्याचा आदळतांनाचा वेग ताशीं ३० किलोमीटर धरूं. माणसासह एम. जी. चें वजन १,०५० किलो धरूं. आदळल्यावर दोन्ही गाड्या एकत्र पुढें सरकल्या असें मानलें, तर संवेगाच्या नियमाप्रमाणें त्यांचा एकत्र वेग ताशीं सुमारें २२ किलोमीटर येतो. धक्क्यापूर्वींची गतिज ऊर्जा व नंतरची गतिज ऊर्जा यांची वजाबाकी केली म्हणजे सुमारें २७,००० ज्यूल एवढी ऊर्जा नाहींशी झालेली दिसते. ती गेली कोठें? दोन्ही गाड्यांचें लोखंड वांकविण्यांत, पत्रा चुरगळण्यांत, लांकूड फोडण्यांत ती खर्च झाली. एम. जी. अडीच मीटरांहून थोड्या अधिक उंचीवरून जमिनीवर पडली असती, तर एवढीच ऊर्जा निर्माण झाली असती. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.

आजच्या मोटारींचीं पुढचीं व मागचीं टोंकें मुद्दाम चुरगळतील अशीं केलेलीं असतात, म्हणजे धक्क्याची ऊर्जा तेथेंच खपते व मधली खोली शाबूत राहते. बाजारांत विक्रीस आलेल्या मोटारींत ही युक्ति प्रथम मर्सिडीज-बेंझ कंपनीनें १९५९ साली योजिली. आपली एम. जी. त्याच्या आधींची. तिचा सांगाडा धक्का पुढें पुढें पोंचवीत जातो, आणि जेथें तो दुबळा असेल तेथें वांकतो. टी. डी. च्या सांगाड्याचे दोन्ही लांब दांडे मागच्या आंसावरून कमानीसारखे वर चढून पलीकडे खालीं उतरतात. सरळ दांड्यापेक्षां कमानीवरील दांडा लवकर वांकतो. म्हणून मडगार्ड कितीही चेपलेलें दिसलें तरी खरी जखम या कमानीपाशीं शोधावी लागते. आणि ती वरून दिसत नाहीं.

येथेंच मालकांपुढें प्रश्न उभा राहिला. महामार्गावरील एका कारखानदारानें गाडी पाहतांच सांगितलें, "चार दिवसांत नवीकोरी करून देतों." मालकांस मोह पडला, कारण जानेवारींत मुंबईस जुन्या मोटारींचा एक मेळावा होता व तेथें गाडी न्यावी असें त्यांच्या मनांत होतें. पेण येथील दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींस विचारलें तेव्हां ते म्हणाले, "साहेब, मोजल्याशिवाय मी दिवसही सांगत नाहीं आणि पैसेही सांगत नाहीं." हें उत्तर ऐकून मालक प्रथम नाराज झाले, परंतु विचारांतीं गाडी याच मिस्त्रींकडे आली. त्यांचा कारखाना आमच्या शाळेपासून लांब नसल्यामुळें मी त्यांची परवानगी काढली, आणि पुढें दर शनिवारीं आठ विद्यार्थी घेऊन आम्ही तेथें जात असूं.

पहिलें काम पेट्रोल काढण्याचें. बॅटरीची तार सोडविली, टाकीखालीं भांडें ठेवून सर्व पेट्रोल उपसलें, आणि चेपलेली टाकी खोलून उघड्यावर नेऊन ठेविली. मुलांस वाटलें, आतां टाकी रिकामी झाली, धोका गेला. मिस्त्री म्हणाले, "मुलांनो, भरलेल्या टाकीपेक्षां रिकाम्या टाकीस अधिक भ्यावें." याचें कारण असें कीं, पातळ पेट्रोल स्वतः जळत नाहीं, जळते ती त्याची वाफ. हवेंत ही वाफ शेंकडा सुमारें दीड ते साडेसात या प्रमाणांत मिसळली म्हणजे ठिणगीसरशी स्फोट होतो. रिकाम्या टाकींत नेमकें असें मिश्रण उरूं शकतें. शिवाय ही वाफ हवेहून जड असल्यामुळें कारखान्याच्या खड्ड्यांत जाऊन बसते. म्हणून टाकी पुनःपुन्हां धुवून, वाफाळून, पाण्यानें भरल्यावांचून तिला वेल्डिंगची ज्योत लावूं नये, आणि हें काम जाणत्याखेरीज कोणीं करूं नये.

यानंतर खोलणें. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचा फोटो घेतला. प्रत्येक जागेचे बोल्ट निराळ्या डब्यांत घालून डब्यावर चिठ्ठी लाविली. हें काम कंटाळवाणें खरें, पण जुन्या गाडींत फार महत्त्वाचें. कारण हरवलेला बोल्ट आपल्या बाजारांत मिळेलच असें नाहीं. एक मौज येथें सांगण्यासारखी आहे. या गाडीच्या इंजिनाच्या बोल्टांचे आंटे मेट्रिक मापाचे, पण त्यांचीं डोकीं इंग्लंडांतील जुन्या व्हिटवर्थ मापाचीं. त्यामुळें आंटे पाहून मेट्रिक पाना घेतला तर तो डोक्यास बसत नाहीं, आणि पाना पाहून बोल्ट आणला तर तो आंट्यांत जात नाहीं.

मग मोजमाप. सपाट फरशीवर गाडी समतल उचलून ठेविली. सांगाड्यावरील ठराविक भोंकांतून ओळंबे सोडले व जेथें टोंक टेकेल तेथें फरशीवर खडूनें खूण केली. गाडी बाजूस सारली तेव्हां तिचा नकाशाच जणूं जमिनीवर उमटला. आतां समोरासमोरचे बिंदू जोडणारे कर्ण सुतळीनें मोजावयाचे. गवंडी घराचा पाया आंखतांना हेंच करितो. चौकोन काटकोनांत असेल तर दोन्ही कर्ण सारखे येतात.

कर्ण कां मोजावयाचे, बाजू कां नाहीं, असा प्रश्न एका मुलानें विचारला. त्याचें उत्तर आम्हीं फरशीवरच काढलें. ८०० मिलिमीटर रुंद व १,५०० मिलिमीटर लांब अशी चौकट घेतली तर तिचा कर्ण बरोबर १,७०० मिलिमीटर येतो. धक्क्यानें तिचा एक दांडा दुसऱ्यापेक्षां १० मिलिमीटर पुढें सरकला असें समजा. दांड्यांची लांबी तीच राहिली, म्हणून बाजू मोजून फरक कळत नाहीं. परंतु एक कर्ण जवळजवळ १,७०९ होतो व दुसरा सुमारें १,६९१. म्हणजे दोहोंत सुमारें १८ मिलिमीटरांचा फरक पडतो. एक सेंटिमीटरची खोडी कर्णांत पावणेदोन पट होऊन दिसते. पायथागोरसाचा सिद्धांत पुस्तकांत पाठ करणाऱ्या आमच्या मुलांनीं तो त्या दिवशीं तेलकट फरशीवर पाहिला, आणि माझी खात्री आहे कीं तो ते विसरणार नाहींत.

आमच्या गाडीचे मागचे कर्ण ११ मिलिमीटरांनीं भिन्न आले, आणि डावा दांडा कमानीपाशीं खालीं दबलेला आढळला. साधारणतः तीन मिलिमीटरांहून अधिक फरक चांगले मिस्त्री चालूं देत नाहींत. चार दिवसांच्या दुरुस्तींत हा फरक कोणास कळलाही नसता.

पण खरी गोष्ट पुढेंच होती. दांड्यावरील जुना रंग खरवडून काढतां काढतां एके ठिकाणीं रंगाखालीं जाड लांबी लागली. लांबी म्हणजे पत्र्याचे खळगे बुजविण्याचें मिश्रण. सांगाड्यावर तिचें कामच काय? ती काढल्यावर आंत ओबडधोबड वेल्डिंग दिसलें. मिस्त्रींनीं ती जागा रॉकेलनें भिजविली, थोडा वेळ जाऊं दिला, कोरडी पुसली, तिजवर खडूची पूड चोळली व बाजूस हातोडीनें हलकेच टकटक केली. पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली काळसर रेघ हळूहळू उमटली. पोलादांत जेथें चीर असते तेथें रॉकेल शिरून बसतें व टकटकीनें बाहेर येऊन खडूंत पसरतें. ही चीर बोटभर लांब होती, आणि तिचीं आंतलीं तोंडें गंजलेलीं होतीं. म्हणजे ती परवांच्या धक्क्याची नव्हती, फार जुनी होती. केव्हां तरी पूर्वींही या गाडीस मागून मार बसला होता, आणि कोणीतरी तो झांकून, वर रंग देऊन, गाडी विकली होती.

मालक त्या वेळीं तेथेंच उभे होते. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "मास्तर, लहानपणीं आईच्या मांडीवर बसून याच गाडींतून मी रोह्यास येत असें." एवढें बोलून ते मिस्त्रींकडे वळले व म्हणाले, "तुम्हांला लागेल तितका वेळ घ्या." जानेवारींतील मेळाव्याचें नांव त्यांनीं पुन्हां काढलें नाहीं.

चिरेची दुरुस्ती अशी होते. प्रथम तिच्या दोन्ही टोंकांस बारीक गोल भोंकें पाडतात. चिरेच्या तीक्ष्ण टोंकाशीं ताण एकवटतो व तिला पुढें फाडीत नेतो. गोल भोंकाच्या कडेवर तो पसरतो, म्हणून चीर वाढत नाहीं. मग जुनें वेल्डिंग घासून काढून, चिरेवर इंग्रजी 'व्ही' सारखी खांच पाडून, ती नव्या धातूनें तळापासून भरतात. त्यावर आधाराची पट्टी जोडावयाची ती चौकोनी नव्हे, दोन्हीकडे निमुळती असावी. नाहींतर पट्टी जेथें एकदम संपते तेथें नवी चीर जाण्याचें भय असतें. हें शेवटचें वेल्डिंग दांडा सरळ केल्यावर करावयाचें असतें. वांकड्यावर केलें तर वांकडेपणाच पक्का होतो.

सांगाडा सरळ करण्याचा नियम लहान मुलासही समजेल असा आहे: बळ ज्या दिशेनें आलें त्याच्या उलट दिशेनें ओढावें, आणि जें शेवटीं वांकलें तें आधीं सरळ करावें. गाडी जमिनीशीं घट्ट बांधून, साखळी व तेलाच्या दाबावर चालणारा जॅक लावून, तीळ तीळ ओढीत जातात. पोलादास थोडी लवचिकता असते. ओढ सोडली कीं तें किंचित् मागें येतें. म्हणून हव्या त्या मापाच्या थोडें पलीकडे नेऊन सोडावें लागतें. परंतु पुनःपुन्हां इकडे तिकडे वांकविल्यास धातु कठीण व ठिसूळ होतो. तार चार-सहा वेळां एकाच जागीं वांकवून पाहा, ती तुटते. यासाठीं घाई करूं नये, आणि दर ओढीनंतर पुन्हां मोजावें. या एका कामास मिस्त्रींनीं तीन शनिवार घेतले. शेवटीं दोन्ही कर्णांतील फरक दोन मिलिमीटरांवर आला.

पुढें मागचा आंस, त्यास धरणारे पाटे, ब्रेकच्या नळ्या व पेट्रोलची नळी हीं सर्व तपासलीं. पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर या गाडींत २,३८८ मिलिमीटर असतें. तें उजव्या व डाव्या बाजूस सारखें आलें पाहिजे. तसें नसेल तर आंस तिरका बसला असें समजावें. अशी गाडी खाडीच्या कांठावरील खेकड्याप्रमाणें तिरकी चालते, टायर एका बाजूनें झिजतात, आणि ब्रेक दाबतांच ती रस्ता सोडूं पाहते.

लांकडी चौकटीचा डावा मागचा खांब फुटला होता. ॲशचें झाड आपल्या कोंकणांत होत नाहीं. क्रिकेटच्या यष्ट्या व हत्यारांचे दांडे त्याचे करितात, कारण तें धक्का चांगला सोसतें. आपलें सागवान टिकाऊपणांत कोणास हार जाणारें नाहीं, परंतु लवण्याच्या गुणांत ॲश सरस. पेणच्या सुतारांनीं सागवान सुचविलें. मालकांनीं मात्र तयार ॲशचा तुकडा मागविला. इंग्लंडांत व अमेरिकेंत या गाडीचे सुटे भाग अजून तयार करून विकले जातात. सबंध खांब न बदलतां फुटलेलाच भाग तिरका कापून, तितकाच नवा तुकडा सरसानें व स्क्रूंनीं सांधला. सांधा तिरका असला म्हणजे सरस लागण्यास जागा अधिक मिळते व जोड बळकट होतो. जुनें जितकें राखतां येईल तितकें राखावें, हा अशा गाड्यांच्या दुरुस्तींतील पहिला नियम आहे.

आतां कोठें पत्र्याची पाळी आली! मडगार्ड ठोकतांना मिस्त्रींचा हात पाहण्यासारखा होता. एका बाजूस डॉली म्हणजे पोलादी ठोकळा धरावयाचा व दुसऱ्या बाजूनें हातोडीनें हलके ठोके द्यावयाचे. पुण्याच्या तांबट आळींत तांब्याचे हंडे मठारतात तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें काम सहज समजेल. मधल्या खोल खळग्यावर प्रथम हातोडा घालूं नये. कडेच्या घड्या आधीं उलगडाव्या, म्हणजे मधला खळगा बहुधा आपोआप अर्धा वर येतो. फार ठोकल्यानें पत्रा ताणून पसरतो व डबडब वाजूं लागतो. तेव्हां पसरलेल्या जागीं लहान ठिपक्याएवढी उष्णता देऊन लगेच निवविली म्हणजे तेथला पत्रा आंखडून ताठ होतो.

लांबीचा उपयोग यानंतर, तोही पातळ थरापुरता. जाड थर उन्हाळ्यांत तापून व पावसाळ्यांत भिजून सुटतो, आणि त्याखालीं गंज वाढतो. पेणच्या आसपास खाड्या व मिठागरें असल्यामुळें हवेंत खार असतो. उघडें पोलाद येथें एका रात्रींत तांबडें पडूं लागतें. म्हणून घासलेल्या जागीं त्याच दिवशीं प्रायमर दिला पाहिजे.

रंगासाठीं दिवसही पाहावा लागतो. या जातीच्या गाड्यांस मूळचा रंग सेल्युलोजचा असे. दमट हवेंत तो मारला तर त्यांतील पातळ द्रव झपाट्यानें उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, हवेंतील ओल त्यावर सांठते, आणि रंगावर पांढुरकी झांक येते. म्हणून आपल्याकडे हें काम पावसाळा टाळून करावें. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतून आपण दरवर्षीं पाहतों कीं, मूर्ति पुरती वाळून गुळगुळीत झाल्यावांचून कसबी कारागीर रंगाचा कुंचला हातीं घेत नाहीं, आणि डोळ्यांची आंखणी तर सर्वांच्या शेवटीं. मोटारीसही हाच क्रम लागू आहे.

पालकांपैकीं ज्यांच्या घरीं जुनें वाहन असेल त्यांच्यासाठीं दोन व्यावहारिक गोष्टी सांगतों. पहिली विम्याची. पांच वर्षांहून जुन्या वाहनाची विम्यासाठींची किंमत कंपनी व मालक यांनीं परस्पर संमतीनें ठरवावयाची असते. तेव्हां अपघातापूर्वींच गाडीचे फोटो, दुरुस्तीच्या पावत्या व जाणकाराचा लेखी अभिप्राय जपून ठेवावा. मागून वाद घालून उपयोग होत नाहीं. दुसरी नोंदणीची. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वाहनांसाठीं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनास ही नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षें चालते, व पुन्हां नोंदणीस ५,००० रुपये पडतात. क्रमांकांत राज्याच्या अक्षरांपुढें 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास चालवितां येत नाहीं. आणि मुख्य अट ही कीं, सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. यावरून ध्यानांत येईल कीं, वांकलेला सांगाडा फेंकून भलताच बसविणें हें सोपें दिसलें तरी गाडीची ओळखच पुसून टाकणारें आहे.

मार्चच्या अखेरीस गाडी तयार झाली. मालक व मिस्त्री तिची परीक्षा घेण्यास निघाले. आम्हीं पाठीमागून दुसऱ्या गाडीनें गेलों. सपाट रस्त्यावर चाक हातांतून किंचित् सैल सोडून ती सरळ जाते कीं नाहीं तें पाहिलें; मोकळी जागा पाहून ब्रेक दाबला, तेव्हां ती एका रेषेंत थांबली. नागोठण्याहून भिसे खिंडीची चढण चढून, वळणें घेत, ती रोह्यास सुखरूप पोंचली. तेथें मिस्त्रींनीं प्रथम काय केलें असेल? गाडीखालीं आडवे होऊन त्यांनीं त्या जुन्या चिरेची जागा पुन्हां रॉकेलनें व खडूनें तपासली. रेघ उमटली नाहीं.

त्या जागेवर त्यांनीं रंग दिला आहे, परंतु लांबी लाविलेली नाहीं. वेल्डिंगची खूण हाताला लागते. तें कां, असें मुलांनीं विचारलें. मिस्त्री म्हणाले, "बाळांनो, माझ्यामागें ही गाडी ज्याच्या हातीं जाईल त्याला कळलें पाहिजे, येथें काय झालें होतें तें." मालकांनींही दुरुस्तीची सर्व मोजमापें, फोटो व तारखा एका वहींत लिहून ती वही गाडीच्या कागदांबरोबर ठेविली आहे.